साईडपट्टी कुणाची? खारेपाटणच्या महामार्गावरून काही प्रश्न

संध्याकाळी सातच्या सुमारास खारेपाटणला महामार्गाच्या कडेला पंधरा मिनिटे उभे राहा. आम्ही सांगतो म्हणून मानू नका, स्वतः उभे राहून मोजा. कडेच्या रेघेच्या बाहेर जी डांबराची पट्टी आहे, जिला आपण साईडपट्टी म्हणतो आणि इंजिनिअर लोक पेव्ह्ड शोल्डर म्हणतात, तिच्यावरून कोण कोण जाते? बाजारातून पिशवी घेऊन वाडीकडे परतणारी बाई. एस.टी.ची वाट बघणारी कॉलेजची मुले. उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, कारण पलीकडे जायचे तर दुभाजक पुढे कुठेतरी दूर फोडलेला आहे. टायर बदलणारा ट्रकवाला, त्याने मागे ठेवलेले चार दगड आणि एक झाडाची फांदी. आणि या सगळ्यांच्या मधून, डावीकडून ओव्हरटेक करत, हॉर्न दाबून धरलेली एक मोटार, जिला मुंबईला किंवा गोव्याला पोचायची घाई आहे.

आमच्या ओळखीची एक आजी रोज या पट्टीवरून चालते. ती म्हणाली, "रस्तो मोठो झालो, पण आमका चलाक जागा खंय उरली?"

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहोत. रस्त्याचा प्रश्न हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे का, असे आमच्यातलेच काही मित्र विचारतात. आरक्षण, अॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, जमीन हे आपले विषय. रस्ता म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा विषय, त्यात आपण कशाला? मित्रांनो, 'सार्वजनिक' हा शब्द आपल्या चळवळीएवढा कुणी गंभीरपणे घेतलेला नाही. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सरकारी पैशाने बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. 1924 ला महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तरीही 20 मार्च 1927 पर्यंत त्या तळ्यावर कुणी जाऊ शकले नाही. त्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे लोक महाडच्या रस्त्यावरून रांगेने चालत गेले, तेव्हा कुठे कागदातला हक्क पाण्यापर्यंत पोचला. हक्क चालत जाऊन घ्यावा लागला. आणि ते महाड याच महामार्गावर आहे. जुना 17 नंबर, आताचा 66 नंबर. खारेपाटणहून आपल्या गाड्या 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला याच रस्त्याने महाडला जातात.

आता साईडपट्टीबद्दल थोडे नीट समजून घेऊ, कारण भावनेवर हा विषय सुटणार नाही.

साईडपट्टी तीन कामांसाठी असते. गाडी बंद पडली तर वाहत्या लेनमधून बाहेर काढायला. चालकाचा ताबा सुटला तर सावरायला दीड-दोन मीटरची फुकटची जागा मिळायला. आणि डांबराच्या मुख्य थराची कड तुटू नये म्हणून. ती वाहतुकीची लेन नव्हे. तिच्याखालची खडी आणि वरचे डांबर अनेकदा मुख्य लेनइतके जाडही नसते. जुन्या दोनपदरी 17 नंबरवर तर साईडपट्टी म्हणजे लाल मातीच होती; एका पावसाळ्यात माती वाहून जायची आणि डांबर व माती यांच्यात अर्ध्या-पाऊण फुटाची पायरी तयार व्हायची. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला मोटारसायकल खाली उतरली की पुढचे चाक त्या पायरीला घासून आडवे. वर्तमानपत्रात बातमी यायची, "दुचाकी घसरून एक ठार". घसरली कशामुळे हे बातमीत कधी नसायचे.

चौपदरीकरण झाले आणि मातीच्या जागी डांबर आले. चांगले झाले. पण त्याबरोबर वेग आला. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. अंधारात पुढे माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरले, तर गाडी 44 मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लागायला आत्ता सुरुवात होते. जुन्या रस्त्यावर खड्डे होते, वळणे होती, गाड्या 40 ने चालायच्या. पायी माणूस तिथेही असुरक्षित होता, पण त्याला उडी मारायला वेळ मिळायचा. खड्डे बरे होते असे आम्ही म्हणत नाही. रस्ता रुंद करताना वेगाचा हिशोब झाला, पायी चालणाऱ्याचा झाला नाही, एवढेच म्हणतो. त्याला फूटपाथ नाही, सर्व्हिस रोड अनेक ठिकाणी मध्येच संपतो, एस.टी. थांब्याला आत वळलेली जागा नाही. म्हणून तो साईडपट्टीवर येतो. आणि गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री, मुंबईहून चाकरमानी निघतात तेव्हा, त्या साईडपट्टीचीही लेन होते. दोन रांगा असतात, तिसरी डावीकडून घुसते, कुठे कुठे चौथी मातीतून. अॅम्ब्युलन्सला जायला जी जागा ठेवलेली असते ती पहिल्यांदा भरते.

साईडपट्टीला सरळ लेन करून टाकावी, म्हणजे कोंडी फुटेल, असे म्हणणारे सुशिक्षित लोकही आहेत. जमीन घ्यायला नको, मोबदला द्यायला नको, पांढरा रंग थोडा सरकवला की झाले. हा प्रयोग जगात झालेला आहे. इंग्लंडमध्ये 2006 पासून एम-42 या मोटारवेवर गर्दीच्या वेळी साईडपट्टी वाहतुकीला खुली करण्यात आली. तिथे सुरुवातीला पाचशे-पाचशे मीटरवर थांबायला वेगळे कोनाडे होते, डोक्यावर इलेक्ट्रॉनिक फलक होते, कॅमेरे होते, बंद पडलेली गाडी दिसली की लेनवर लाल फुली पेटवणारा नियंत्रण कक्ष होता. पुढे खर्च वाचवायला साईडपट्टी कायमची लेन केली आणि कोनाड्यांमधले अंतर वाढत अडीच किलोमीटरपर्यंत गेले. 2020 च्या जानेवारीत बीबीसीने सरकारी आकड्यांवरून दाखवले की अशा रस्त्यांवर पाच वर्षांत 38 माणसे मेली. नवऱ्यांना गमावलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या, खासदारांच्या समितीने चौकशी केली, आणि एप्रिल 2023 मध्ये तिथल्या सरकारने असे नवे रस्ते बांधणे रद्द केले.

या प्रकरणात एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तिथले अधिकारी शेवटपर्यंत सांगत होते की एकूण सरासरी काढली तर हे रस्ते जुन्या मोटारवेपेक्षा जास्त धोकादायक नाहीत. आणि आकड्यांत ते फार खोटेही नव्हते. चालत्या गाड्यांचे काही प्रकारचे अपघात कमी झाले होते. वाढला होता तो बंद पडलेल्या गाडीला मागून धडक बसण्याचा धोका. म्हणजे सरासरी तशीच राहिली, मरणारा माणूस बदलला. ज्याची गाडी चालू आहे तो थोडा सुरक्षित झाला, ज्याची बंद पडली तो उघड्यावर आला. सरासरीच्या आड कोण मरते हे विचारायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. गावाचे सरासरी उत्पन्न सांगणाऱ्याला आपण विचारतोच ना, त्यात बौद्धवाडीचे किती?

आणि लक्षात घ्या, इंग्लंडच्या मोटारवेवर पायी चालायला, सायकल न्यायला कायद्याने बंदी आहे. तिथे साईडपट्टीवर फक्त बंद पडलेली मोटार असते. आपल्याकडे साईडपट्टीवर गाव असते.

आता आपले आकडे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. त्यातले 32,825 पायी चालणारे होते. दुचाकीवरचे 74,897. म्हणजे मेलेल्या दर दहांतले सहापेक्षा जास्त एकतर पायी होते नाहीतर दुचाकीवर. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम 2 टक्के, पण 36 टक्के मृत्यू त्यांच्यावर. हा अहवाल मेलेल्याचे वय सांगतो, लिंग सांगतो, तो शहरात मेला की खेड्यात हे सांगतो, गाडीला मागून धडक बसली की उभ्या गाडीवर आदळली हेही सांगतो. जात सांगत नाही. तुरुंगातल्या कैद्यांची जातवार नोंद दरवर्षी छापणाऱ्या देशात महामार्गावर पायी कोण मरते याचा रकाना नाही. आम्ही इथे कुठलाही आकडा गृहीत धरत नाही. कोकणात गाडी कुणाकडे आहे आणि वाडीपासून बाजारापर्यंत पायी कोण जाते हे आपल्या डोळ्यांना दिसते. सरकारने ते मोजावे एवढीच मागणी आहे.

मोजण्याची दुसरी गंमत बघा. 'ब्लॅक स्पॉट' कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या आहे: सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा तेवढ्याच काळात 10 मृत्यू. तेव्हा कुठे फलक लागतो, निधी येतो. आता कोकणातली वस्ती आठवा. एक वाडी इथे, दुसरी किलोमीटरभर पुढे, तिसरी वळणापलीकडे. प्रत्येक वाडीच्या फाट्यावर तीन वर्षांत एक-एक माणूस गेला, तर दहा फाट्यांवर दहा माणसे जातात आणि ब्लॅक स्पॉट एकही तयार होत नाही. विखुरलेल्या माणसांचे मरणही विखुरलेले, म्हणून ते हिशोबात नाही.

सरकारी व्याख्येत न बसलेल्या त्या फाट्याला मग गावाची व्याख्या लागते. "ती जागाच वाईट आहे." अमावस्येला नारळ, लिंबू, कोंबडा, जागेवाल्याला गाऱ्हाणे. आपल्या वाडीतही हे होते, लपवायचे कारण नाही. 1956 नंतर तीन पिढ्या गेल्या आणि तरी एखादा तरुण मुलगा रस्त्यावर गेला की म्हातारी माणसे म्हणतात, त्याचे तेवढेच होते. मित्रांनो, तथागतांनी कारणाशिवाय काही घडत नाही हे सांगितले. त्या वळणाचा बाक किती, रस्त्याला उतार कुठल्या बाजूला, पाणी साचते का, दिवा आहे का, गाड्या कुठल्या वेगाने येतात, हे ते कारण. नारळ फोडून वळणाचा बाक बदलत नाही. आणि कारण सापडले की जबाबदार माणूसही सापडतो. म्हणूनच वरच्या लोकांना दैवाची भाषा सोयीची जाते.

बाबासाहेब स्वतः रस्ता अपघातात जखमी झाले होते, हे आपल्यातल्या किती जणांना आठवते? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ते लिहिले आहे. 1929 साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सदस्य होते. धुळ्याकडून येताना चाळीसगावला उतरले. तिथल्या महार मंडळींनी त्यांना वस्तीवर न्यायला टांगा ठरवला, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस लगाम धरून बसला. नदीवरच्या फरशीपुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. टांगा घोड्यासकट खाली नदीत.

आता त्यांनी हे कसे लिहिले आहे ते बघा. फक्त जातीबद्दल लिहून ते थांबत नाहीत. पुलाला कठडे नव्हते, पाच-दहा फुटांवर नुसते दगड बसवलेले होते. रस्ता पुलाला काटकोनात मिळत होता, त्यामुळे तीव्र वळण घ्यावे लागायचे. हे सगळे ते नोंदवतात. आजच्या भाषेत त्याला रोड सेफ्टी ऑडिट म्हणतात. जातीने अनाडी चालक दिला आणि रस्त्याने कठडा दिला नाही, दोन्ही मिळून हाड मोडले. आम्हाला वाटते, महामार्गाकडे बघायची आंबेडकरी रीत हीच आहे. दोन्ही बघायचे.

त्याच लिखाणात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र आपल्याला टोचणारी आहे. पाहुण्याने पायी यावे हे चाळीसगावच्या महारांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी टांगा आणला. माझा मान राखायला त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, अशा अर्थाचे बाबासाहेब लिहितात. रागाने नाही, पण स्पष्टपणे. आता 14 एप्रिलची आपली मोटारसायकल रॅली आठवा. एकावर तिघे, हेल्मेट नाही, निळा झेंडा पाठीमागे बसलेल्याच्या हातात, आणि साईडपट्टीवरून उलट्या दिशेने. महाडला जाताना टेम्पोच्या हौद्यात बायका-मुले उभी. कुणी अडवले की आम्ही म्हणतो, गणपतीवाल्यांना अडवता का? खरे आहे, त्यांना अडवत नाहीत. पण ज्या रस्त्यावर दोघेही मरतात तिथे बरोबरी मागून काय करायचे? हे लिहिल्यावर काही कार्यकर्ते रागावतील याची आम्हाला कल्पना आहे.

ट्रकचालकाबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण साईडपट्टीवर उभ्या ट्रकला मागून गाडी धडकली की पहिली शिवी त्यालाच पडते. रात्रभर गाडी चालवून त्याला झोप आली तर तो थांबणार कुठे? ट्रकसाठी आत वळलेले थांबे हवेत, तिथे पाणी, संडास, दिवा हवा. ते नसले की तो साईडपट्टीवर झोपतो. कधी कधी तर त्याला थांबवणारेच वेगळे असतात. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक प्रवासी टेम्पो उभ्या ट्रकवर आदळला, 12 माणसे गेली. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी साधी माणसे. तो ट्रक आर.टी.ओ.च्या लोकांनी अडवला होता असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. बारा माणसे गेल्यावर महामार्गावर गाडी कुठे थांबवावी हा प्रश्न एक आठवडा वर्तमानपत्रांत होता.

सरकारला जमत नाही असेही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 सालचा पूल वाहून गेला. दोन एस.टी. बस माणसांसकट गेल्या. त्यानंतर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. 2011 पासून रखडलेल्या त्याच महामार्गावर. इच्छा असली की दिवस मोजून काम होते. इच्छा नसली की काय होते ते आपण पनवेलपासून बघतोच आहोत, आणि मग लोकांचा राग कुठल्या तरी उपअभियंत्यावर चिखल ओतून जिरवला जातो, जसे 4 जुलै 2019 ला कणकवलीत झाले. चिखल ओतल्याने एकही सर्व्हिस रोड झाला नाही. टी.व्ही.वर दिसले मात्र सगळे.

उपाय कायद्यात आहेत आणि ते वापरायला लागतील. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-ए आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर कंत्राटदार, सल्लागार, संबंधित यंत्रणा यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे, मान्य. पण या कलमामुळे प्रश्न बदलतो. आजवर पोलीस पंचनाम्यात "चालकाच्या हयगयीने" एवढेच लिहिले जाते. पुढच्या वेळी पंचनामा होताना आपला माणूस तिथे असला पाहिजे आणि त्याने लिहायला लावले पाहिजे: दिवा होता का, रेघ दिसत होती का, फलक होता का, पायी चालायला दुसरी जागा होती का. धडक देऊन पळालेल्या गाडीच्या प्रकरणात 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. आधी ते 25 हजार आणि साडेबारा हजार होते. वाडीतल्या किती घरांनी हा अर्ज केला आहे? आम्ही विचारले तेव्हा बहुतेकांना अशी योजना असल्याचेच माहीत नव्हते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्याला फूटपाथ मिळणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. महाडच्या ठरावासारखाच हा कागद आहे. तो खारेपाटणपर्यंत आपोआप येणार नाही.

एक सावधगिरी. साईडपट्टी मोकळी करा असे आपण म्हणालो की यंत्रणा सगळ्यात आधी आंबे, फणस, कोकम विकायला बसलेल्या बाईची टोपली उचलते. ते सोपे असते. आपली मागणी ती नाही. तिला बसायला महामार्गापासून आत, सर्व्हिस रोडला लागून, छप्पर आणि दिवा असलेली जागा द्या. ग्राहकाच्या गाडीलाही तिथेच थांबता येईल. फेरीवाल्यांच्या उपजीविकेचा 2014 चा कायदा त्यासाठीच आहे. बाई उठवली आणि ट्रक उभाच राहिला, तर ते सुरक्षेचे काम नव्हे.

खारेपाटणला तसा जकातीचा इतिहास मोठा आहे. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट 1008 सालचा, त्यात बंदरात येणाऱ्या परदेशी गलबतांवरच्या सोन्याच्या कराचा उल्लेख येतो. हजार वर्षे झाली, वाटेवरून जाणाऱ्याकडून घ्यायचे कसे हे राज्यकर्त्यांना नेमके ठाऊक आहे. ओसरगावचा टोलनाका रस्त्याच्या आधी कसा तयार झाला ते कणकवलीकरांनी पाहिलेच. आणि टोलनाका म्हटले की आम्हाला 1901 सालचा मसूरहून कोरेगावला निघालेला लहानगा भीमराव आठवतो, ज्याला रात्री टोलवाल्याने प्यायला पाणी दिले नव्हते. टोल घेणाऱ्यावर वाटसरूची जबाबदारी काय, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या आरंभापासून उभा आहे.

येत्या ग्रामसभेच्या आधी एक काम करू. खारेपाटण ते तळेरे या पट्ट्यात प्रत्येक वाडीच्या फाट्यावर दोघे-दोघे जाऊ. तीस मीटरची टेप, टॉर्च, वही. साईडपट्टीची रुंदी, एस.टी. थांबा, दिवा, दुभाजकातला सगळ्यात जवळचा रस्ता किती मीटरवर, शाळेतली किती मुले रस्ता ओलांडतात, गेल्या तीन वर्षांत तिथे कोण गेले. घरी जाऊन विचारायचे, हळू आवाजात, चहा नको म्हणायचे नाही. मग तो तक्ता ग्रामसभेच्या ठरावाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला द्यायचा, आणि माहितीच्या अधिकारात याच पट्ट्याचा सेफ्टी ऑडिट अहवाल मागायचा. मोजायला जाताना रिफ्लेक्टरचे जॅकेट घाला. काळा शर्ट नको. रेघेच्या आतल्या बाजूला एकानेही पाय ठेवायचा नाही, आणि एक जण फक्त येणाऱ्या गाड्यांकडे बघत उभा राहील.